मार्तंडरावांचं निळं फूल

मार्तंड : इथंच होतं, चारू! या दगडाच्या बाजूले. काल सहा फुलं होती, मी सोता मोजली. आता नुसती देठं!

चारुलता : अहो, चिखलात काहून बसून राहिले? पँट कोण धुणार?

मार्तंड : पँट गेली खड्ड्यात! विद्यापीठातल्या वैदेही मॅडमनं फोटो पाहून सांगतलं, असं फूल कोणत्याच पुस्तकात नाही. नवीन जात! बत्तीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांच्या नावाची पाकिटं फोडली मी. आता कुठं शास्त्रात माह्यं नाव लागणार होतं. खल्लास!

चारुलता : निळं होतं का? मधात पिवळा ठिपका?

मार्तंड : तुले कसं माहीत?

चारुलता : बाळकृष्णाच्या पायाशी आहे थे. सकाळी पाचलेच तोडलं.

मार्तंड : चारू!

चारुलता : ओरडू नका! लोकाच्या कुंपणातली फुलं तोडू नको म्हणून कोण बोंबलत होतं? म्हणून टेकडीवर येते मी.

मार्तंड : थांब, मॅडमचाच फोन. स्पीकरवर टाकतो. हॅलो... फूल आहे मॅडम. पण देवापुढं आहे.

वैदेही : अहो काका! काकू, त्यातलं एक काढून द्याल का? मी निघालेच आहे.

चारुलता : वाहिलेलं फूल उद्या सकाळी उतरवते मी. त्याच्या आधी हात नाही लावू देणार.

वैदेही : तोवर ते सुकून जाईल हो.

चारुलता : सुकलेलं चालत असंल तर पोथीत आहेत नं. दरसाली पहिलं फूल देठ-पानासकट पोथीत दाबून ठेवते मी. बाजूले तिथी लिहून.

वैदेही : दरसाल? किती वर्षं?

चारुलता : यंदा धरून सात.

वैदेही : काकू, आम्हीसुद्धा हेच करतो, कागदात दाबून! मग पहिली नोंद तुमचीच. फुलाला तुमचं नाव द्यायला हवं.

चारुलता : छे वं बाई! त्यांचंच टाक. किती आस लावून बसले आहेत. मी तर नुसती तोडत होती.

वैदेही : काका? ऐकताय ना? काय लिहू?

मार्तंड : ...लिहा मॅडम. सौभाग्यवती चारुलता मार्तंड देवपुजारी.

वैदेही : नक्की ना, काका?

मार्तंड : नक्की! ठेवतो.

(फोन बंद होतो.)

चारुलता : अहो, लग्नाच्या पंगतीत घेतलं होतं माझं पूर्ण नाव, त्यानंतर आजच घेतलं तुम्ही.

मार्तंड : बरं मग?

चारुलता : काही नाही. तेव्हाही असेच घामाघूम झाले होते.