रिकाम्या पलंगावरचा कोट

(आयर्लंडचा पश्चिम किनारा, अकिल बेट, १९९८. डीलिया किलबेनचं स्वयंपाकघर. शेजारचे म्हातारे पॅकी चुलीपाशी बसलेत. शीला इंग्लंडहून आली आहे.)

डीलिया : तो डबा आधी टेबलावरून उचल. तिथं आम्ही जेवतो.

शीला : खाली कसा ठेवू, ताई? बाबांची राख आहे त्यात.

डीलिया : ताई कुणाला म्हणतेस? माझा बाप, मार्टिन किलबेन, एकसष्ट साली तिकडं इंग्लंडात बांधकामाच्या परांचीवरून पडून मेला. मी नऊ वर्षांची होते. याच घरात त्याच्या मयताचं रात्रभर जागरण झालं.

शीला : एकसष्टमध्ये माझा जन्मही झाला नव्हता. बाबा यंदा मार्चमध्ये गेले, कॉव्हेंट्रीत, माझा हात धरून. एकच घोकत होते, मला घरच्या थडग्यात ठेवा. इथले फादर म्हणाले, तुम्ही हो म्हटल्याशिवाय ते उघडता येणार नाही.

पॅकी : अन् जाळलंत त्याला? अरे देवा.

डीलिया : पॅकीकाका, तुम्ही सांगा की हिला! तुमच्या डोळ्यांदेखत पडला ना तो? टोपी वाऱ्यावर कशी उडाली, तेसुद्धा सांगायचात मला.

पॅकी : चहा निवतोय, डीलिया.

डीलिया : खड्ड्यात गेला चहा! सांगा.

पॅकी : टोपी मीच घातली त्या गोष्टीत. तुझं रडू थांबेना म्हणून.

डीलिया : म्हणजे?

पॅकी : कुणी पडलं-बिडलं नाय. हिच्या आईकडं राहायला गेला होता तो. मी तिकडच्या कामावरून बटाटे काढायला गावी आलो, तर तुझ्या आईनं मला विहिरीवर गाठलं. म्हणाली, "तो आता येत नाही, मला कळलंय. पॅकी, तू त्याला मारून टाक." मी म्हटलं, बाई, काय बोलतेस? तर म्हणते, "विधवा म्हटलं की लोक उठून खुर्ची देतील. टाकलेली म्हटलं की हसतील."

डीलिया : जागरणाला पलंगावर प्रेताच्या जागी नुसता त्याचा कोट ठेवला होता. आई म्हणाली, तिकडेच पुरलंय त्याला. मयताच्या घरी करतात तसं घड्याळ बंद केलं, आरसा झाकला. बायका हंबरडा फोडून रडल्या त्या कोटासमोर! त्यांना माहीत होतं?

पॅकी : त्यांचे नवरे त्याच्याबरोबरच खोदकामावर होते तिकडं. शनिवारी एकत्र बिअर प्यायचे.

डीलिया : वा! आणि इथं येऊन जागरणाचं हॅम खाल्लं, जपमाळ म्हटली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. सदतीस वर्षांत एकाला तोंड उघडावंसं वाटलं नाही!

पॅकी : तुझी आई मरेपर्यंत ताठ मानेनं चालली, ते बघ की.

शीला : ते विसरले नव्हते हो. दर नाताळला खिडकीत मेणबत्ती लावायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, ती घरातल्या धाकट्यानं लावायची असते, म्हणजे डीलियानं. मला वाटायचं, डीलिया म्हणजे त्यांची कुणी वारलेली बहीण.

डीलिया : मी लावतच होते इथं. स्वर्गातल्या बापासाठी! आणि आई मागे उभी राहून सांगायची, नीट लाव, वारा आहे.

पॅकी : ठेव की त्याला, पोरी. थडग्याच्या दगडावर त्याचं नाव तर आहेच. दोन फावडी मातीचं काम.

डीलिया : आईच्या शेजारी? जन्मभर काळे कपडे घातले तिनं. एवढ्या कष्टानं मारलं त्याला, आणि आता मी जिवंत करून तिच्या कुशीत नेऊन ठेवू? गाव येईल की परत हॅम खायला!

शीला : मग मी कुठं नेऊ त्यांना?

डीलिया : मला काय विचारतेस? बाप तुझा होता.