इश्माएल का आला

बसच्या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिचा चाळिशीतला मुलगा उभे होते. त्याच्या खांद्याला वायरमनची पिशवी होती. कामावरून तसाच आला असावा.

"आई, तू उभं केलंस म्हणून रांगेत उभा आहे. जाणार मी नाही."

"अरे, बाप गेलाय तुझा."

"दुसरीला मुलगा झाला आणि त्या बापानं आपल्या दोघांना घराबाहेर काढलं. आता त्याला माती द्यायला मी जाऊ?"

"धाकटा तुझ्यासाठी थांबलाय."

"थांबेल की. त्याला कुठे कुणी हाकललं होतं?"

"बायबलात अब्राहामानं आपल्या थोरल्या मुलाला, इश्माएलाला हाकललंच होतं. आईसकट, रानात."

"माहीत आहे गं. देवानं विहीर दाखवली, पोर वाचलं. लहानपणापासून ऐकतोय."

"विहिरीपाशी सगळेच थांबतात. पुढे वाचलंस का कधी? अब्राहाम मेला, तेव्हा त्याला कुणी पुरलं?"

"इसहाकानं. धाकटा, लाडका तोच होता."

"दोघांनी. दोघांचीही नावं आहेत तिथे."

"इश्माएल आला होता?"

"आला होता."

"का? बापाला माफ केलं म्हणून?"

"तसं काही लिहिलेलं नाही. दोघांनी पुरलं, एवढंच आहे."

"मग तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, आईनं पाठवलं असेल."

रांग सरकली. खिडकीतून आवाज आला, "किती?"

"दोन द्या," मुलगा म्हणाला.

"एकच द्या हो," म्हातारी म्हणाली. "मी याला नुसतं बसवून द्यायला आलेय."