पक्कं छप्पर, दगडी

ऐका. अन् ऐकताना मागं वळून घारकड्याकडं बघू नका. ती लाकडं जरा आत सारा रे, धूर होतोय.

तर खंडागळे साहेब. शाळा तपासणारे. शेवटच्या एसटीनं फाट्यावर उतरले तेव्हा अंधार पडला होता. हातात कातडी बॅग, गळ्यात मफलर. जायचं वरल्या वाडीला, सरपंचाची सही घ्यायला. फाट्यावरच्या दुकानदारानं चहा पुढं केला, म्हणाला, "साहेब, गाडीरस्त्यानं जा. लांब पडेल, पण कड्याखालची पायवाट नको. रात्रीचं तिथं कुणी जात नाही."

"का? वाघ आहे?"

"वाघ परवडला. शाळा आहे."

साहेब हसले. चहा निम्मा टाकून निघाले. पायवाटेनंच!

आता शाळा कसली, ते पाहुण्यांसाठी सांगतो. कड्याच्या पोटात लांबलचक कपार. वर डोंगर, समोर दरी. वाडीला खोली मिळेना, म्हणून लिंबाजी गुरुजींनी तिथंच फळा टेकवला. पोरं कातळावर कोळशानं गणितं सोडवायची, वर वटवाघळं लोंबकळायची. त्या रात्रीच्या दोन वर्षं आधी साहेब तपासणीला आले, चढ बघितला, अन् फाट्यावरच्या दुकानातच फॉर्म उघडून बसले. "छप्पर कसलं हो शेट? कच्चं की पक्कं?" दुकानदार गमतीत म्हणाला, "दगडी! सात पिढ्यांत गळलं नाही!" साहेबांनी लिहिलं, 'छप्पर : पक्कं, दगडी.' झालं! पक्क्या छपराच्या शाळेला नवी खोली कोण देतंय? श्रावणात कडा खचला. लिंबाजी गुरुजी गेले अन् पाच पोरं गेली. त्या पाचांची नावं मी रात्रीची घेत नाही.

अन् साहेबांच्या बॅगेत त्या रात्री कागद कुठला होता? 'छपराची दुरुस्ती झाली.' सरपंचाची सही पडली की चौकशी मिटली!

पहिल्या वळणावर पाढे ऐकू आले. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस... साहेब खूश. रात्रीचाही वर्ग घेतात वाटतं! दुसऱ्या वळणावर बॅटरी विझली. हलवली, मांडीवर ठोकली. मेली ती मेलीच. अन् पुढं एक कंदील. धरणारा दिसेना!

"या साहेब. मागच्या खेपेला वर आलाच नाहीत."

आवाज मऊ, आदबीचा. साहेबांनी मागं फिरायचं ठरवलं, पण पाय पुढंच. पाय स्वतःचे, चाल दुसऱ्याची!

कपारीत शिरले. खडूचा वास. हजेरी सुरू झाली. नाव पुकारलं की दगडातून उत्तर. हजर. हजर. पाच वेळा. शेवटचा आवाज तर बोबडा हो. "हदल."

मग गुरुजींनी हाक दिली, "अनंत गोविंद खंडागळे."

रात्री हाकेला ओ कधी द्यावी? बरोबर, तिसऱ्या हाकेला. भूत तिसरी मारत नाही. साहेबांना त्यांच्या आईनं सांगितलेलं होतं. पण शाळेत वाढलेला माणूस! हजेरीत नाव आलं की जिभेवर 'हजर' आपसूक येतं. आलंच होतं. मफलरचा बोळा कोंबला तोंडात. दुसरी हाक. डोळ्यांतून पाणी, घशात गुरगुर. तिसरी आली नाही.

"गैरहजर," गुरुजी म्हणाले. "नेहमीप्रमाणं."

अन् मग? "पोरांनो, साहेबांना सांगा. छप्पर कसलं?"

"पक्कं, दगडी!"

वरून माती सांडली.

"पुन्हा."

"पक्कं, दगडी!"

खडे आले.

"मोठ्यानं!"

"पक्कं! दगडी!"

धोंडा खांदा सोलून गेला. साहेबांनी बोळा उपसला अन् बोंबलले, "छप्पर नाही! या शाळेला छप्परच नाही!"

खडे थांबले.

कानाशी तो बोबडा आवाज. "गुलुजी, बलोबल आहे?"

"बरोबर आहे. जाऊ दे त्यांना."

पाय सुटले! साहेब धावले, पडले, पुन्हा धावले. मागं सगळी शिळाच कोसळली. बॅग तिच्याखाली.

पहाटे दुकानाच्या फळ्यांवर धडका. मफलर नाही, चप्पल नाही. रडत रडत सगळं सांगितलं. "शेट, आता खरं तेच लिहितो." दुकानदारानं कागद दिला, पेन दिलं, गरम चहा दिला. साहेब लिहायला बसले. उजाडलं. उन्हं वर आली, चहावर साय धरली. मग कागद घडी करून खिशात घातला, अन् पहिल्या एसटीनं गेले ते गेलेच.

काय लिहिलं होतं? मी बघितलं ना त्यांच्या खांद्यावरून! 'वाट धोक्याची आहे. तपासणीस अधिकाऱ्यांनी जाऊ नये.' एवढंच. तेव्हापासून इकडं कुणी साहेब फिरकला नाही.

हो, तो दुकानदार मीच. दगडी म्हणून हसलेला मीच. कागदाला थट्टा कळत नाही, हे मला साठीला आल्यावर समजलं.

म्हणून सांगतो, त्या वाटेनं जाऊ नका. रात्री नको, भरदिवसाही नको. कुणी कितीही घाई सांगो, नको!

अन् शाळा? भरते की. कड्याखालीच, दहा पावलं अलीकडं, शेजारच्या कपारीत. वाट तीच.

ए चिंगे, पेंगतेस काय? दप्तर भरलंस का? जा, झोप जा बाळ. सकाळी शाळा आहे.