जामीनदार सुटत नाही

…आणि वर मलाच विचारतात, "तू सही केलीसच कशाला?" आता तुम्हीच सांगा, सख्ख्या बहिणीचा नवरा कागद पुढे करून उभा आहे, ताई स्वयंपाकघराच्या दारातून बघतेय, तिथं मी काय चष्मा लावून बारीक अक्षरं वाचत बसू? केली सही. जामीन म्हणून! भाऊजींचा फोटो स्टुडिओ, त्यांना फोटो छापायचं मोठं मशीन घ्यायचं होतं, कर्जावर. मशीन आलं… आणि लोकांनी फोटो छापणंच सोडलं हो! सगळ्यांचं सगळं फोनमध्ये!

मी म्हटलं, भाऊजी, आता? तर म्हणाले, "होईल काहीतरी."

झालं ना! मशीनचा हप्ता भरायला क्रेडिट कार्ड, ते भरायला दुसरं कार्ड, दुसरं भरायला पतपेढी… याची टोपी त्याच्या डोक्यावर, आणि तुम्हाला सांगतो, डोकी सगळी यांचीच! वसुलीवाल्याचा फोन आला की भाऊजी आवाज जाड करून सांगणार, "ते बाहेरगावी गेलेत." एकदा पलीकडचा म्हणाला, "काका, हाच आवाज काल खोकल्यानं बसला होता, आज बरा वाटतोय." तरी आमचं आपलं, होईल काहीतरी! आणि ताई? दारावरची बेल वाजली की तिच्या हातातलं भांडं पडायचं. शेवटी तिनं बेलच काढून कपाटात ठेवली.

मग मीच त्यांना वकीलबाईंकडे नेलं. बाई स्पष्ट. "दिवाळखोरीचा अर्ज करा. शिक्षा नाही ती, कायद्यानं ठेवलेली वाट आहे. काय आहे आणि कुणाचं किती देणं आहे, सगळं लिहायचं, काही लपवायचं नाही. मशीन जाईल. कॅमेरा पोटापाण्याचं साधन, तो बहुतेक राहील. कोर्टाला पटलं तर उरलेलं देणं माफ." भाऊजी काय फुलले म्हणता! बाईंनी पान उलटलं. "मात्र जामीनदार सुटत नाही. मशीन विकून जे कर्ज उरेल, ते बँक त्याच्याकडून घेईल. कोण आहे जामीनदार?"

मी बोट वर केलं. शाळेत करतात तसं.

भाऊजी उठलेच. "मग मला नको असली सुटका." ते जिना उतरून रस्त्यावर, मी मागे, "अहो, थांबा!" तर वळून म्हणतात, "तुझ्या पोरींच्या तोंडचा घास काढून मी मोकळा होऊ?" आणि भर रस्त्यात रडले हो… पंचवीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "भाऊजी, ताई दाराशी पाऊल वाजलं तरी दचकते. आणखी किती दिवस?" त्यावर डोळे पुसले आणि परत जिना चढले. "होईल काहीतरी" न म्हणता!

अर्जाला फोटो हवा होता. ते स्वतः स्टुलावर, मागे निळा पडदा, कॅमेरा माझ्या हातात. इतकी वर्षं त्यांचं ऐकून ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, "हसा थोडं…" आणि तुम्हाला सांगतो, हसले! डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि हसू लग्नातलं. मला बटण दाबवेना, तरी दाबलं. वकीलबाई फोटो बघून म्हणाल्या, "दिवाळखोर इतका खूश? दुसरा आणा."

निकाल लागला, देणं माफ झालं. ताई आता झोपते. आणि मी बँकेत! साहेब भला माणूस, सात वर्षांचे लहान लहान हप्ते करून दिले. म्हणाला, "फक्त एक नवा जामीनदार लागेल." शेजारच्या खुर्चीत भाऊजी, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. ताठ झाले, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "मी राहतो की!"

साहेब माझ्याकडे बघेना, मी साहेबाकडे बघेना. शेवटी तो हळूच म्हणाला, "काका, तुमची सही… आता चालत नाही." भाऊजींनी "हो, हो, बरोबर" म्हणत टोपण लावलं, तर ते बसेचना.

तेव्हा अजून शोधतोय. तुम्ही इतका वेळ ऐकलंत, माणसं चांगली दिसता, तुमच्यापैकी कोणी जर… अहो! अहो, निघालात कुठं?