नाथूचा दम तुटला नव्हता

एकीनं, एकीनं म्हणून विश्वास ठेवला नाय हो माझ्यावर! तुम्हाला सांगते, मी डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं, आणि झऱ्यावर हंडे घेऊन बसलेल्या ह्या बाया मलाच म्हणतात, "आनंदीबाई, तुला ऊन लागलं असेल." ऊन? आंब्याच्या सावलीत बसले होते मी!

आता तुम्ही म्हणाल, कसला नाथू न् कसला दम. सांगते. शिमग्यात वरंधच्या शेतात हुतुतूचे सामने होतात. खेळणार बापे, ओरडणार बापे, आणि आम्ही काय नुसतं पुरणच वाटायचं? म्हणून वाडीतल्या आम्ही बाया आधीच गडी वाटून घेतो. कुठल्याही गावचा घ्या, फक्त आपला नवरा, आपला लेक, आपला भाऊ घ्यायचा नाय... मायेनं डोळे फुटतात! आपल्या गड्यानं समोरचा मारला की आपल्या मडक्यात एक चिंचोका पडला, आपला मेला की एक गेला. त्या गड्यांना बिचाऱ्यांना पत्ताच नाय, आपण कुणाच्या मडक्यात खेळतोय! बापे संध्याकाळी घरी येऊन फुशारक्या मारतात, त्यातनं आम्ही चिंचोके वेचायचे. आणि जिचं मडकं भारी, तिचा वैशाखभर झऱ्यावर पहिला हंडा. हसू नका! वैशाखात आमच्या झऱ्याचा पहिला हंडा म्हणजे पाणी, शेवटचा म्हणजे चिखल!

यंदा गोदूबाईचा गडी कुडपणचा नाथू, आणि तुळसाचा वरंधचा महिपत. दोघींची मडकी बरोबरीत. गोदूची सून बाळंतीण, घरात धुण्याचा डोंगर, ती बाई पाण्यासाठी देव पाण्यात घालून बसलेली. शेवटचा डाव. मी पंचाची भाकरी घेऊन गेलेली, म्हणून बायांतली मी एकटीच तिथं. नाथू हुतुतू करत शिरला, महिपतनं घोटा धरला, नाथू पालथा पडला, तोंड मातीत, पण दम चालू! "हुतुतुतुतु..." मातीतनं आवाज येतोय, फुफाटा उडतोय, आणि सरपटत सरपटत त्यानं बोट टेकवलं की हो रेघेला! म्हणजे मेला कोण? महिपत! आणि पंच म्हणतो काय? "नाथू मेला!"

मी डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं, पण तुळसा कंबर खोचून उभी. "पंच म्हणतो दम तुटला, तू कोण गो मोठी?"

म्हटलं, "मी कोण? त्याच पंचाची बायको!"

"मग नवऱ्याचा शब्द खाली पाडतेस? गोदू शेजारीण म्हणून?"

प्रयागबाई आमच्यात थोरली, तिनं हंडा खाली ठेवला. "भांडू नका गो. चला, त्यालाच विचारू."

निघाली वरात आमच्या ओट्यावर! घरधनी सुंभ वळत बसलेले. प्रयागबाई कानाशी जाऊन ओरडली, "बाबा, नाथूचा दम तुटला, तो ऐकलास का?"

तर हे शांतपणे म्हणतात, "ऐकायचं कशाला? ओठ दिसले नायत. ओठ थांबले म्हणजे दम तुटला."

ओठ! अहो, तोंड मातीत गेल्यावर ओठ काय पाठीवर दिसणार? पण दोष द्यायचा कुणाला? आमच्या घरातल्यांना ढोल वाजला तरी ऐकू येत नाय, हे अख्ख्या वाडीला ठाऊक, आणि वरंधचे शहाणे दरवर्षी त्यांनाच पंच करतात. का? तर शिव्या ऐकू येत नायत, म्हणून पंच भांडत नाय! दमाच्या खेळाला बहिरा पंच... माकडाच्या हाती कोलीत बरं!

"आता तरी पटलं?" मी म्हटलं. "मी डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं!"

तुळसा बिलंदर. म्हणाली, "पटलं. पण झऱ्यावरचा निकाल फिरवायचा, तर चूक कुणाची ते साक्षीदारानं नावानिशी बोलायचं. 'हे' नाय न् 'ते' नाय. घे नाव!"

खरंच हो, आमच्यात तशी रीतच हाय. आणि तिला पक्कं ठाऊक, ही जीव देईल पण नवऱ्याचं नाव घ्यायची नाय. कुणी म्हणाली, उखाण्यात घे. आता रागाच्या भरात उखाणा कुठला सुचायला? गोदू नुसती माझ्याकडं बघत होती, काखेत रिकामा हंडा...

घेतलं! पदर तोंडावर ओढला, खाली मान घातली, हळूच घेतलं. बायांनी ऐकलं, तुळसानं नाक मुरडलं, एक चिंचोका गोदूच्या मडक्यात पडला, एक तुळसाच्या मडक्यातनं गेला. लग्नात उखाण्यापुरतं घेतलं होतं, त्यानंतर हे असं पहिल्यांदा. वाटलं, धरणी फाटेल. कुठली फाटते?

घरधनी सगळ्यांची तोंडं बघत बसलेले. मला खुणेनं जवळ बोलावलं न् म्हणतात, "काय ठरलं गो? चुकला कोण?"

आता काय उरलंय लाजायला? अर्ध्या वाडीनं ऐकलंच होतं, उरलेली अर्धी ऐकू दे. मी आपलं तोंड नेलं त्यांच्या कानाशी, छातीत दम भरला न् ओरडले, "कुशाबा!"