दाईचं काय झालं

घाटकोपरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जयाशेजारी बसून एक सासू आणि तिची सून नंबर यायची वाट बघत होत्या.

“सपना, काल सिरीयलमध्ये त्या म्हाताऱ्या दाईला ड्रॅगनने जाळलं गं.”

“हो आई, बघितलं.”

“मला मोतीबिंदू होता तेव्हा तू ते इंग्रजी पुस्तक मराठीतून सांगायचीस. त्यात तर ती राणीच्या नातवंडांना न्हाऊ घालत होती.”

“सिरीयलवाले काहीही बदलतात.”

“मला दिसत नव्हतं. त्यांचे डोळे धड आहेत ना? नीट वाचायचं की.”

सपना हातातला केसपेपर उगाच उलटसुलट करू लागली. सासूला जयाच्या मांडीवर तेच ड्रॅगनवालं पुस्तक दिसलं.

“तुम्ही वाचलंय? यात मरते का हो दाई?”

दाई जळते ते पान जयाने दोनदा रडत वाचलं होतं.

“छे हो काकू. नातवंडांना न्हाऊ घालते.”