बॅटरी दोघांना कशाला?

गावाकडून काम करायचं सुख मला सांगू नका. आमच्या विंझरला तेव्हा दुपारभर लोडशेडिंग. मी मॅक लॅपटॉपमध्ये विंडोज चालवून प्रोग्रॅम लिहीत होतो आणि आमचे वडील, आबा, शेजारी बसून बघत होते.

"ही काय भानगड?"

"एका कंप्युटरच्या पोटात दुसरा चालतोय, आबा. आतल्याला पत्ताच नाही, बाहेर कोणी आहे म्हणून."

मी चहा आणायला उठलो. परत येतो तर स्क्रीन काळी. सेव्ह न केलेलं सकाळपासूनचं काम गेलं.

"बाहेरचा बंद केला म्या," आबा म्हणाले. "लाईट न्हाई, बॅटरी दोघांना कशाला? तुजं काम तर आतल्यावर हाय."

"अहो आबा, आतलाही गेला ना!"

आबांनी स्क्रीनकडे नीट बघितलं.

"त्याला कुणी सांगितलं?"